वाढलेली बाटली

आमच्या घरात काही संपत नसे. संपायचं सगळंच, महिनाअखेरीला डब्यांचे तळ दिसायचे, पण तसं तोंडाने म्हणायची सोय नव्हती. तांदूळ संपले नाहीत, तांदूळ वाढले. बांगडी फुटली नाही, बांगडी वाढवली. दुधाला लावायचं विरजण उरलं नाही तर तेही वाढलं, आणि मग शेजारून वाटीभर आणायचं. हा अक्काचा कायदा. अक्का म्हणजे माझी आत्या, वडिलांची थोरली बहीण. माझी आई मी चार वर्षांची असताना गेली (बघा, मीही ‘गेली’च म्हणते) आणि तेव्हापासून अक्काने मला वाढवलं, म्हणजे खरोखरीच वाढवलं, न्हाऊमाखू घालून. वडिलांना सगळे अण्णा म्हणत. त्यांचं बंगळूरच्या शिवाजीनगरात कोट शिवायचं दुकान होतं आणि राहायला आम्ही बनशंकरीला. आमचे पूर्वज म्हणे कुणा सरदाराबरोबर इकडे आले आणि परत जायचं विसरले. खरंखोटं तेच जाणोत. मराठी टिकली ती घरात, तीही अर्धी कन्नड. विरजणाला अक्का कधी विरजण म्हणायची, कधी ‘हेप्पु’, आणि पुण्याहून नव्याने आलेल्या बायका माझं बोलणं ऐकून विचारायच्या, ‘तुम्ही मूळच्या कुठल्या हो?’ मी म्हणायची, इथल्याच. त्यांना ते पटायचं नाही. जाऊ दे, तो राग आता काढून काय उपयोग.

हे प्रकरण लिहायचं मी फार दिवस टाळलं. माझ्या विद्यार्थ्यांना वाटतं, मी त्या वयातच फार हुशार होते. मी हुशार नव्हते, घाबरट होते, आणि घाबरट माणूस काय काय करतो ते मला चांगलं ठाऊक आहे. एम.एस्सी. झाल्यावर मी सरांकडे तात्पुरती मदतनीस म्हणून लागले होते. सर भूविज्ञानाचे, कन्नड बोलणारे, उंच, बोलायला मोजके. त्यांच्या टेबलावर बागलकोटच्या बाजूने आणलेला चुनखडकाचा एक कापलेला तुकडा असायचा. त्याच्यात पातळ पातळ पदर होते, चिरोटी तळल्यावर सुटतात तसे. सरांचं म्हणणं, हे पदर नुसत्या गाळाचे नाहीत, जिवाणूंच्या थरांनी बांधलेले आहेत. उथळ पाण्यात जिवाणूंची साय धरायची, त्या सायीवर चुना बसायचा, वर नवी साय, पुन्हा चुना. डोंगर झाला तो असा. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला खरंच वाटेना. डोळ्यांना न दिसणारी गोष्ट दगड कसा करील? सर म्हणाले, “वाटून काही होत नाही. करून दाखव.”

करून दाखवायचं म्हणजे दोन बाटल्या. दोन्हींत चुन्याच्या क्षाराचं पाणी, जिवाणूंना खायला थोडा यीस्टचा अर्क, आणि एका तळ्यातल्या चिखलाचा अंश. एक बाटली तशीच जिवंत ठेवायची. दुसरी दाबाखाली उकळून तिच्यातलं सगळं मारून टाकायचं. दोन्हींना कापसाची बुचं. दोन आठवडे ऊब द्यायची. जिवाणू खातात, पाण्याचा गुण बदलतो, चुना सुटा होऊन त्यांच्याच अंगावर बसायला लागतो, असं सरांचं गणित होतं. जिवंत बाटलीत स्फटिक आले आणि मेलेल्या बाटलीत आले नाहीत, तर काम जिवाणूंचं. दोन्हींत आले किंवा दोन्हींत आले नाहीत, तर संशोधन बंद. आणि माझंही बंद, कारण पीएच.डी.ची एकच जागा होती, विद्यावेतनासकट, आणि सर समितीला जे लिहितील त्यावर ती ठरणार होती. तिकडे अण्णांच्या एका गिऱ्हाइकाने के. आर. पुरमच्या शाळेत मला शिक्षिकेची नोकरी बघून ठेवली होती. महिन्याच्या शेवटच्या सोमवारी रुजू व्हायचं. अण्णा वाईट नव्हते. ते म्हणाले, “सोमवारपर्यंत तुझ्या सरांचं ‘हो’ आलं तर शिक. नाही आलं तर शाळा.” शाळेत वाईट काही नाही, हे मला आज कळतं. तेव्हा मला त्या सोमवारचं नावसुद्धा नको असायचं.

सर दोन आठवडे खडक गोळा करायला बागलकोटकडे गेले. जाताना बजावून गेले, “बाटल्या उबेच्या कपाटातून हलवायच्या नाहीत. रोजचं तापमान वहीत लिही.” ते गेले आणि वीज जायला लागली. सकाळी जायची, दुपारी यायची, संध्याकाळी पुन्हा गुल. बंगळूरची डिसेंबरची थंडी तुम्हाला ठाऊक नसेल, फरशीवर पाय ठेववत नाही. मी कपाट उघडायची तर आत बाहेरच्याइतकंच गार. तापमापक सतरावर. मी सर येईपर्यंत थांबायला हवं होतं, किंवा वहीत सतरा लिहून मोकळं व्हायला हवं होतं. पण गारठ्यात जिवाणू काम करणार नाहीत, बाटलीत काही येणार नाही, सोमवार येईल, एवढंच डोक्यात फिरत होतं. सहाव्या दिवशी मी दोन्ही बाटल्या टॉवेलात गुंडाळून डब्याच्या पिशवीत घातल्या आणि सिटी बसने बनशंकरीला घेऊन आले. बसमध्ये मांडीवर पिशवी, दोन्ही हातांनी बुचं दाबून धरलेली. कंडक्टर म्हणाला, “अम्मा, स्वल्प सरका.” मी असं काही त्याच्याकडे बघितलं की तो पुढे गेला.

घरात ऊब एकाच जागी होती. न्हाणीघरातला तांब्याचा हंडा नारळाच्या करवंट्यांवर तापायचा, आणि त्याच्या मागच्या भिंतीतला कोनाडा दिवसभर कोमट राही. थंडीत अक्का दह्याचं भांडंही तिथेच ठेवायची, नाहीतर दही लागतच नसे. मी दह्याच्या भांड्याशेजारी बाटल्या ठेवल्या. तापमापक अठ्ठावीस दाखवू लागला. अक्का हातातल्या अवरेकाळूच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत मागे येऊन उभी. मला ती अजून पुट्टीच म्हणायची, म्हणजे छोटी.

“हे काय गं पुट्टी? औषध?”

“हात लावू नकोस. यात जिवाणू आहेत.”

“म्हणजे काय?”

काय सांगणार? मी म्हटलं, “दह्यात असतात ना, दुधाचं दही करणारे, त्यातलेच समज. ह्या डावीकडच्या बाटलीत आहेत. ह्या उजवीकडच्या बाटलीतले मेले.”

“शिव शिव. तिन्हीसांजेला काय ते बोलणं. नीट बोल.”

“बरं बाई. ह्यातले वाढले.”

“सरी. असं म्हण,” अक्का म्हणाली आणि शेंगांकडे वळली.

त्यानंतरचे दिवस मी नीट जेवले नाही. वहीत मी रोजचं तापमान खरं लिहायची, अठ्ठावीस, एकोणतीस, पण जागेच्या रकान्यात लिहायची ‘कपाट’. एकदा खोटं लिहिलं की दुसऱ्या दिवशी तेच लिहावं लागतं, आणि तिसऱ्या दिवशी हात आपणहून लिहितो. घरी आलं की आधी न्हाणीघर. नवव्या दिवशी जिवंत बाटलीच्या तळाशी पांढरी कणी दिसली, रव्यासारखी. मेलेली बाटली स्वच्छ, आरपार दिसणारी. मला इतका आनंद झाला की अवरेकाळूची उसळ तीनदा मागून घेतली. अण्णांनी शिवणयंत्रावरून मान वर करून विचारलंसुद्धा, “आज काय मिळालं हिला?” बाराव्या-तेराव्या दिवशी मेलेली बाटली मला किंचित धुरकट वाटली. हंड्याची वाफ असेल, म्हटलं. बोटाने काच पुसली. धुरकटपणा आतून होता. पण मी स्वतःला बजावलं, दिव्याचा उजेडच कमी आहे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही. ज्याने वहीत एक खोटं लिहिलंय त्याला खरंही नीट बघवत नाही. सर यायच्या आदल्या दिवशी मी बाटल्या परत कपाटात नेऊन ठेवल्या.

गुरुवारी सरांनी दोन्हींतला गाळ काचेवर घेतला. आधी जिवंत बाटलीचा. ते सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बराच वेळ बसले, मग मला म्हणाले, बघ. सुंदर स्फटिक होते, काही चौकोनी, काही गोळे, काही दोन गोळे चिकटल्यासारखे. मग दुसऱ्या बाटलीचा. सर बाजूला सरकले. मी बघितलं. तेच गोळे, तेच चौकोन, थोडे लहान, पण तेच.

“मग जिवाणूंचं काय काम?” सर म्हणाले. “मेलेल्या बाटलीतही चुना बसतो म्हणजे तो आपोआप बसतो. जिवाणू नुसते बघे.” ते रागावले नव्हते, त्यांचा चेहरा नुसता उतरला होता, आणि ते मला जास्त लागलं. “बाटल्या कपाटातच होत्या ना?”

“हो सर.”

“शनिवारी समितीला लिहितो, हा विषय पुढे नेण्यासारखा नाही म्हणून. तुला वाईट वाटेल, पण दुसरं काय लिहू?”

घरी पोचले तेव्हा अण्णा यंत्रावर होते, त्यांच्या पायाखाली खडखड चाललेली. अक्काने ताट मांडलं आणि माझं तोंड बघून विचारलं, काय झालं. मी सांगितलं, दोन्ही बाटल्यांत खडे आले, सगळं बुडालं. अक्काचा चेहरा उजळला.

“दोन्हीत लागलं? मग बरंच झालं की. मलाही वाटत होतं लागेल म्हणून. मी घातलं होतं ना.”

“काय घातलं होतंस?”

“हेप्पु. तूच म्हणालीस ना, उजवीकडच्यातले वाढले म्हणून. रोज बघायची मी, डावीकडचीत छान बसतंय आणि ही बिचारी पाण्यासारखी. शेजारी असताना विरजण नाही म्हणून कुणी दूध तसंच ठेवतं का? दशमीला सकाळी आंघोळ करून, चमचा उकळत्या पाण्यात धुऊन, डावीकडचं चमचाभर तिच्यात घातलं. बूच परत लावलं नीट.”

मी ताट सरकवलं. काय काय बोलले ते आज लिहिताना हात थांबतो. तू माझं वाटोळं केलंस म्हणाले. तुला अक्कल नाही म्हणाले. तू आई नाहीस माझी, हेसुद्धा म्हणाले. अक्का तशीच वाकून उभी, हातात भाताचा डाव. यंत्र थांबलं. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला एवढंच विचारलं, “बाटल्या घरी आणायची परवानगी होती?” मी नाही म्हणून मान हलवली. “मग तिला काय बोलतेस? उद्या जाऊन सरांना खरं काय ते सांग. मापात पाप नको.” शिंप्याचं घर आमचं. त्याहून मोठं वाक्य अण्णांकडे नव्हतं.

शुक्रवारी सकाळी मी खरोखर तेच सांगायला निघाले होते, अगदी देवाशपथ. बस मार्केटपाशी अडकली होती आणि मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते: सर, नवव्या दिवसापर्यंत मेलेली बाटली स्वच्छ होती, मग दशमीला, म्हणजे दहाव्या दिवशी, माझ्या आत्याने चमचाभर घातलं, आणि मग... तिथे मी थांबले. मग स्फटिक आले! नऊ दिवस त्याच पाण्यात, त्याच चिखलात, त्याच उबेत काही आलं नव्हतं. जिवंत चमचा पडला तेव्हाच आले. अक्काने प्रयोग बुडवला नव्हता, पुरा केला होता. आम्ही जो पुरावा शोधत होतो त्याहून चांगला पुरावा तिने हंड्यामागे करून ठेवला होता. मला बसमधून उतरून पळावंसं वाटलं. आणि त्याच क्षणी दुसरी भीती आली: हे सांगायचं तर बाटल्या घरी होत्या हेही सांगावं लागेल. सर खोट्या वहीला माफ करणारे नव्हते. एका मुलाला त्यांनी वहीतल्या एका खोट्या आकड्यावरून घालवलं होतं.

सरांच्या खोलीत शिरले, नमस्कार केला, आणि तोंडातून निघालं ते असं: “सर, मी एक लिहायचं विसरले. नवव्या दिवशी मेलेली बाटली स्वच्छ होती, म्हणून पडताळा बघायला दुसऱ्या दिवशी तिच्यात मी जिवंत बाटलीतलं चमचाभर घातलं.”

मी. एवढं एक अक्षर. सर उभे राहिले. चमचा कसा निर्जंतुक केला विचारलं, मी म्हटलं ज्योतीवर धरून. अरे, मग हे आधी का नाही सांगितलंस, असं म्हणत ते खोलीत दोन फेऱ्या मारून आले. मी त्यांना तेवढं खूश कधी पाहिलं नव्हतं. शनिवारी समितीला गेलेलं पत्र वेगळं होतं. जागा मला मिळाली. प्रयोग सरांनी पुढच्या महिन्यांत स्वतःसमोर तीन वेळा करवून घेतला, वीज गेली तर जनरेटर लावून, आणि तिन्ही वेळा तेच आलं. तेव्हा विज्ञानात खोट नव्हती, ती माझ्यात होती. पुढे एका मोठ्या संस्थेत तासाभरासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक मिळाला आणि स्फटिकांच्या आत आम्हाला बारीक कांडीच्या आकाराच्या पोकळ्या दिसल्या. जिवाणू तिथे होते. त्यांच्या भोवती चुना बसत बसत पूर्ण बंद झाला, आत ते मेले, आणि त्यांच्या अंगाएवढी जागा तेवढी दगडात उरली. बागलकोटच्या खडकातही काही ठिकाणी तशाच पोकळ्या सापडल्या. सर म्हणाले होते, “बाहेरून कुणी पुरलं नाही त्यांना. स्वतःच्याच कामात पुरले गेले.”

घरी काय सांगितलं? सांगितलं, जागा मिळाली. अक्काने पदराला हात पुसत विचारलं, “सर रागावले का माझ्यावर? माफ केलं?” मी म्हटलं, “हो, केलं.” खरं सांगायला काय होतं, असं तुम्ही विचाराल. होतं. अक्का दर शुक्रवारी बनशंकरीच्या देवळात जायची आणि सरांची बायकोही तिथेच यायची. प्रयोग आपल्यामुळे झाला हे अक्काला कळलं असतं तर दुसऱ्या शुक्रवारी सगळ्या देवळाला कळलं असतं. तेव्हा तिला कळता कामा नये, असं मी ठरवलं, आणि सोपा मार्ग म्हणजे तिला अपराधी ठेवणं; लाजेने ती सरांच्या बायकोपुढे हा विषय काढणार नव्हती. अण्णांना वाटलं मी खरं सांगितलं. ते दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी कोटाच्या कापडातून पिशवी शिवून घेऊन आले. त्या पिशवीचं मला फार ओझं व्हायचं.

अक्का बदलली. माझ्या वस्तूला हात लावायच्या आधी विचारायची, पाण्याचा पेलासुद्धा. आलेगेलेल्यांना हसत सांगायची, “हिचं शिक्षण मी बुडवणार होते, सर भले म्हणून वाचली.” सगळे हसायचे. मीही हसायची.

पाच वर्षांनी प्रबंध मान्य झाला आणि सर पहिल्यांदा आमच्या घरी जेवायला आले. अण्णा नवा शर्ट घालून बसलेले. पुरणपोळी, हुळी म्हणजे आमची आमटी, भात. माझं लक्ष जेवणात नव्हतं, अक्का स्वयंपाकघरात राहील असं काहीतरी काम मी शोधत होते. दहीभात झाला तेव्हा ती बाहेर आलीच, हात जोडून सरांसमोर उभी राहिली आणि कन्नडमध्ये म्हणाली, “सर, पाच वर्षं मनात आहे. त्या बाटलीत चमचा मी घातला होता. ही लेकरू होती, हिचा दोष नव्हता. तुम्ही मोठ्या मनाने माफ केलंत.”

अण्णा मान हलवत होते, त्यांना यात नवं काही नव्हतं. सरांचा हात ताटात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पुढे आयुष्यात कधी त्यांनी मला एका शब्दाने विचारलं नाही, आणि त्याचीच मला अजून धास्ती वाटते. त्यांनी अक्काला विचारलं, “कोणत्या दिवशी घातलंत, अम्मा?”

“दशमीला. उजवीकडचीतले वाढले होते ना.”

“आणि बाटल्या कुठे होत्या?”

“इथेच. हंड्यामागे.”

 सर डावा हात छातीशी नेऊन म्हणाले, “अम्मा, माफी कसली? तुम्ही तो चमचा घातलात म्हणून तर हिचं पुस्तक झालं. तेवढ्या एका गोष्टीवर सगळं उभं आहे. हिने सांगितलं नाही तुम्हाला?”

अक्का माझ्याकडे वळली. मी ताटातल्या भाताकडे बघत होते. तिला समजायला वेळ लागला, आणि तो वेळ मी मोजला. अण्णांनाही समजलं असावं, कारण त्यांनी पाण्याचा पेला उचलून तसाच खाली ठेवला.

“पाच वर्षं मी तुझ्या टेबलावरची धूळसुद्धा पुसली नाही गं, पुट्टी,” ती म्हणाली, आणि सरांसाठी ताक आणायला आत गेली.